‘कंट्रोलर गेला’ म्हणण्याआधी काळी वायर तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दारांवर नक्षी काढणाऱ्या, देव्हारे कोरणाऱ्या, ॲक्रिलिकचे नामफलक कापणाऱ्या लहान कारखान्यांत आता सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणारे यंत्र, सर्रास दिसतो. त्यावर वृत्तपत्रांच्या उद्योग पुरवण्यांतून लेखही येतात. स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारी मोटर) किती किलोवॅटचा, टेबल किती बाय किती, कर्ज कुठून मिळेल, हे सगळे त्यांत असते. पण गँट्री (टेबलावर सरकणारी कमान) टेबलाच्या टोकाला पोचली हे यंत्राला कळते कसे, आणि नाही कळले तर काय होते, यावर कुणी लिहीत नाही. म्हणून हे लांबलेले पत्र. जमल्यास पूर्ण छापावे, कारण यातला अर्धा भाग वाचून वायर जोडणे धोक्याचे आहे.

टोक कळवण्याचे काम प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे जवळ आलेला धातू न शिवता ओळखणारे सेन्सर, करतात. कारखान्यात त्यांना ‘प्रॉक्सी’ म्हणतात. यंत्राच्या किमतीत ही वस्तू चिल्लर. तरीही ‘कंट्रोलर गेला’ म्हणून यंत्राच्या हालचाली ठरवणारा जो डबा पॅनेलमधून उतरवून दुरुस्तीला धाडला जातो, त्यात कित्येकदा काहीच बिघडलेले नसते. चुकलेली असते ती प्रॉक्सीच्या तीन वायरींची जोडणी.

तपकिरी वायर अधिक (२४ व्होल्ट), निळी शून्य, काळी सिग्नल. या रंगांत सहसा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो काळी वायर नेमके करते काय यात. एनपीएन जातीचा सेन्सर चालू झाला की काळी वायर शून्याला ओढतो. पीएनपी जातीचा चालू झाला की काळीवर २४ व्होल्ट सोडतो. एक ओढणारा, दुसरा देणारा. आता कंट्रोलरच्या आत डोकावू. तिथल्या इनपुटला एक ऑप्टोकपलर असतो: एका बाजूला बारीक एलईडी, दुसऱ्या बाजूला त्याच्या उजेडावर चालणारा ट्रान्झिस्टर. एलईडीतून प्रवाह वाहिला तरच कंट्रोलरला सिग्नल आल्याचे कळते. राउटरवर येणाऱ्या अनेक चिनी स्टँडअलोन (संगणकाशिवाय चालणाऱ्या) कंट्रोलरांत या एलईडीचे एक टोक आतूनच २४ व्होल्टला बांधलेले असते. प्रवाह वाहायचा तर दुसरे टोक शून्याला न्यायला हवे, आणि ते एनपीएनच करू शकतो. तिथे पीएनपी लावला की एलईडीच्या दोन्ही टोकांना २४ व्होल्ट येतात. फरकच उरला नाही तर प्रवाह वाहणार कुठून? सेन्सरच्या पाठीवरचा लाल दिवा मात्र लोखंड समोर आले की बिनचूक लागतो. त्या दिव्यानेच माणूस फसतो. सेन्सर तर चालतोय, म्हणजे कंट्रोलरच गेला, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

जात सेन्सरच्या अंगावर छापलेली असते. दुकानांत सर्रास मिळणारा १२ मिलिमीटर जाडीचा सेन्सर एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स या नावाचा असतो. यातला १२ म्हणजे आट्यांचा व्यास, ४ म्हणजे किती मिलिमीटरवरून लोखंड ओळखतो ते. शेवटची दोन अक्षरे महत्त्वाची: बी म्हणजे नॉर्मली ओपन (लोखंड आले की चालू होणारा), ए म्हणजे नॉर्मली क्लोज्ड (लोखंड आले की तुटणारा), एक्स म्हणजे एनपीएन, वाय म्हणजे पीएनपी. म्हणजे बीएक्स, एएक्स, बीवाय आणि एवाय अशी चार भावंडे. दिसायला सारखी आणि बऱ्याचदा एकाच खोक्यात मिसळलेली.

छपाई पुसली असेल तर ओळखायला ४.७ किलोओहमचा पाव वॅटचा एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर पुरतो. तपकिरीला २४ व्होल्ट, निळीला शून्य द्या. रेझिस्टर काळी आणि तपकिरीच्या मध्ये लावा, मीटर काळी आणि निळीवर. समोर लोखंडी पाना धरला-काढला की मीटर २४ आणि शून्याच्या आसपास असा हलला, तर एनपीएन. नाहीच हलला, २४ वर बसून राहिला, तर रेझिस्टर काढून काळी आणि निळीच्या मध्ये लावा. आता हलला तर पीएनपी. लोखंड धरल्यावर दिवा लागतो की विझतो यावरून ओपन-क्लोज्ड ठरवू नका. दिवा आउटपुट दाखवतो की लोखंड, हे प्रत्येक बनावटीत वेगळे. मीटरवर विश्वास ठेवा.

ज्यांच्याकडे पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा औद्योगिक कंट्रोलर) आहे त्यांची थोडी सोय आहे. मित्सुबिशीच्या एफएक्स३ मालिकेत इनपुटांचे सामाईक टोक एस/एस नावाने बाहेर काढलेले असते. ते २४ व्होल्टला जोडले की एनपीएन चालतो, शून्याला जोडले की पीएनपी. पण एका एस/एसवरचे सगळे इनपुट एकाच जातीचे होतात. पाच एनपीएन आणि एक पीएनपी असा मेळ तिथे बसत नाही, त्या एकासाठी रिले (कॉइलवर चालणारा स्विच) घालावा लागतो.

आता आर्डुइनो उनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर जीआरबीएल हे सीएनसी चालवणारे सॉफ्टवेअर टाकून चालवलेल्या यंत्रांबद्दल. विद्यार्थी आणि हौशी मंडळी यावरच सुरुवात करतात. या पाटीचा पिन ५ व्होल्टचा आहे आणि सेन्सर ६ ते ३६ व्होल्टचा. सेन्सरला ५ व्होल्ट देऊन चालवले तर तो कधी चालतो, कधी नाही, आणि अंतरही घटते. टेबलावर तपासताना चाललेला सेन्सर यंत्रावर दगा देतो तो असा. म्हणून काही जण सेन्सरला २४ व्होल्ट देतात आणि काळी सरळ पिनला जोडतात. सेन्सर पीएनपी असेल तर पिन तिथेच गेला. एनपीएन असेल तर लगेच काही होत नाही, आणि हेच वाईट. स्वस्त एनपीएन सेन्सरांत काळी आणि तपकिरीच्या मध्ये आतूनच साधारण १० किलोओहमचा रेझिस्टर असतो. सेन्सर बंद असताना त्यातून २४ व्होल्टचा दाब पिनवर येतो आणि पिनच्या आतला संरक्षक डायोड तो पोटात घेत राहतो. पाटी महिनोन्‌महिने चालते आणि एके दिवशी एक्स अक्षाचा लिमिट, म्हणजे टोकाचा सिग्नल, कायमचा लागलेला दिसू लागतो.

यावर उपाय पीसी८१७ नावाचा चार पायांचा ऑप्टोकपलर. २४ व्होल्टकडून ३.३ किलोओहमचा रेझिस्टर पहिल्या पायाला, दुसरा पाय एनपीएन सेन्सरच्या काळीला, तिसरा पाय आर्डुइनोच्या ग्राउंडला, चौथा लिमिट पिनला. एलईडीतून साधारण साडेसहा मिलिअँपिअर जातात, रेझिस्टरवर जेमतेम ०.१५ वॅट खर्च होतो, म्हणून पाव वॅटचा चालतो. २.२ किलोओहम वापरायचा तर अर्ध्या वॅटचा घ्या, नाहीतर पॅनेलच्या उन्हाळ्यात तो तपकिरी पडतो. लिमिट पिनपासून ५ व्होल्टला आणखी एक ४.७ किलोओहम लावा. पाटीच्या आतला पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, तो लांब वायरीवरच्या गोंगाटापुढे टिकत नाही. आणि २४ व्होल्टच्या एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या डब्याचे) शून्य आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडू नका. ऑप्टोकपलर लावायचा आणि दोन्ही शून्ये एकत्र करायची, म्हणजे कुंपण घालून फाटक उघडे ठेवण्यासारखे.

जीआरबीएलमध्ये एक्सचा लिमिट डी९ पिनवर, वायचा डी१० वर आणि झेडचा डी१२ वर. ‘सीएनसी शील्ड ३’ नावाची जी पाटी वर बसते, तिच्यावर झेडच्या लिमिटचे नाव मात्र डी११ च्या जागी छापलेले आहे, कारण ती छपाई जुन्या आवृत्तीची. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून स्पिंडलच्या वेगासाठी डी११ लागला आणि झेड डी१२ वर सरकला. म्हणून त्या शील्डवर झेडचा सेन्सर ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या जागी जोडायचा. एक्स आणि वाय होम होतात (सेन्सर शोधून मूळ जागा ठरवतात) पण झेड होत नाही, या तक्रारीचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

आता ज्या मुद्द्यावर आमचा खरा आग्रह आहे तो. सेन्सर नॉर्मली क्लोज्ड घ्या. म्हणजे टोकाला न पोचलेल्या अवस्थेत प्रवाह वाहत राहील आणि पोचल्यावर तुटेल. उलटे केले, नॉर्मली ओपन लावला, तर तुटलेली वायर आणि सुरक्षित यंत्र यांतला फरक कंट्रोलरला कळूच शकत नाही. दोन्ही वेळा इनपुटवर शांतताच. केबल चेनमध्ये (सरकत्या भागाबरोबर वायरी नेणाऱ्या साखळीत) वायर तुटली, उंदराने कुरतडली, सेन्सरचा २४ व्होल्टचा फ्यूज उडाला, टर्मिनलचा स्क्रू सैल झाला, तरी यंत्र चालत राहते आणि पहिली बातमी गँट्री ठोकरावर आदळल्याच्या आवाजाने मिळते. क्लोज्ड जोडणीत यातली प्रत्येक गोष्ट लगेच अलार्म देते आणि यंत्र जागेवर थांबते. मग ‘सारखा अलार्म येतो, त्यापेक्षा ओपनच बरा होता’ असे ऐकावे लागते. तो अलार्म तुटक्या वायरीचा आहे. तो बंद करण्याऐवजी वायर बदला.

एनपीएन-क्लोज्डमध्येही एक भोक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याच पॅनेलांत २४ व्होल्टचे शून्य यंत्राच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला, जोडलेले असते. काळी वायर कुठे सोलवटून सांगाड्याला टेकली तर ती शून्याला ओढली जाते, आणि एनपीएन-क्लोज्डमध्ये शून्याला ओढणे म्हणजे ‘सगळे ठीक’. सेन्सर उघडला तरी कंट्रोलरला ठीकच दिसणार. पीएनपी-क्लोज्डमध्ये तीच वायर सांगाड्याला टेकली तर सिग्नल नाहीसा होतो आणि यंत्र थांबते. नव्या यंत्रासाठी कंट्रोलर निवडायची मुभा असेल तर पीएनपी-क्लोज्ड घ्यावा तो यासाठी. एनपीएनच घ्यावा लागला तर निदान रोज सकाळी होम घेण्याची सवय ठेवा. वायर टेकलेली असेल तर होमिंग करताना सेन्सर सापडणार नाही, यंत्र हळू वेगात पुढेच जात राहील आणि दोष पहिल्या पाच मिनिटांत कळेल. जीआरबीएलमध्ये त्याला ९ क्रमांकाचा अलार्म येतो.

इनपुट कमी आणि सेन्सर जास्त, ही अडचण सगळीकडे असते. रोलरचे साधे लिमिट स्विच असतील तर सगळ्यांचे क्लोज्ड संपर्क एकापुढे एक, माळेसारखे, एका इनपुटवर ओवता येतात. कुठलाही उघडला की माळ तुटते. तीन वायरींच्या प्रॉक्सीला हाच न्याय लावता येत नाही. एकाच्या आउटपुटवर पुढच्याला वीज दिली तर प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज पडत जातो आणि प्रत्येकाच्या जागे होण्याचा उशीर वाढत जातो. काही जण मग क्लोज्ड प्रॉक्सींच्या काळ्या वायरी एकत्र पिळतात. ही जोडणी आम्हाला सर्वांत घातक वाटते. सहापैकी एक सेन्सर उघडला तरी उरलेले पाच ती वायर शून्याला धरूनच ठेवतात. सहाही सेन्सर एकाच वेळी उघडले तरच यंत्र थांबेल! एकत्र पिळायच्या असतील तर त्या ओपन जातीच्याच चालतात, आणि मग तुटलेल्या वायरीचा प्रश्न परत दारात. सरळ उपाय म्हणजे प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र इनपुट. तेवढे नसतील तर प्रत्येक क्लोज्ड प्रॉक्सीला २४ व्होल्टचा एकेक छोटा रिले द्या आणि रिलेंचे संपर्क माळेत ओवा. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका.

दोन वायरींचे प्रॉक्सी स्वस्त मिळतात म्हणून कुणी घेत असेल तर एवढेच सांगतो, की ते बंद असतानाही त्यांतून थोडा प्रवाह झिरपतो आणि नाजूक ऑप्टोकपलर तेवढ्यावर अर्धवट जागा राहतो. राउटरवर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वायरिंग बरोबर आणि बसवणे चुकले, असेही होते. सेन्सरवर लिहिलेले ४ मिलिमीटर हे १२ बाय १२ मिलिमीटरच्या, १ मिलिमीटर जाड साध्या लोखंडी पट्टीसाठी असतात. तापमान आणि उत्पादनातला फरक धरून भरवशाचे अंतर त्याच्या ८१ टक्के, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत. स्टेनलेस स्टीलला ते साधारण ७० टक्क्यांवर येते आणि ॲल्युमिनियमला ३५-४० टक्क्यांवर. राउटरचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलचा असतो आणि त्याचाच तुकडा कापून पट्टी केली जाते. मग दीड मिलिमीटरवर कसाबसा लागणारा सेन्सर गँट्री जरा हलली की चुकतो. पट्टी साध्या लोखंडाचीच करा, अंतर दोन मिलिमीटर ठेवा. निळी टोपी बाहेर आलेला सेन्सर धातूच्या ठोकळ्यात टोपीसकट बुडवून बसवू नका, तो त्या ठोकळ्यालाच ओळखत बसतो. तसे बसवायचेच असेल तर बुडवून बसवता येणारा, २ मिलिमीटर अंतराचा प्रकार वेगळा मिळतो.

पट्टी सेन्सरच्या नाकासमोरून चालून येऊ नये, बाजूने सरकत जावी. कारण साध्या हिशेबात आहे. मिनिटाला ३,००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५०. वेग कमी करण्याचा दर सेकंदाला सेकंदामागे २०० मिलिमीटर ठेवला असेल, तर सिग्नल मिळाल्यावरही यंत्र सव्वासहा मिलिमीटर पुढे जाऊन थांबते. समोरून येणारी पट्टी तोवर सेन्सरचे नाक फोडून गेलेली असते. बाजूने सरकणारी पट्टीही त्या सव्वासहापेक्षा लांब हवी, निदान २५-३० मिलिमीटर. आखूड असेल तर यंत्र थांबेपर्यंत ती सेन्सरच्या पुढे निघून जाते आणि कंट्रोलरला वाटते आपण अजून मोकळ्या जागेत आहोत. जीआरबीएलमध्ये लिमिट लागल्यावर वेग उतरत नाही, मोटर चालवणारे पल्स तिथल्या तिथे तुटतात. मोटर झटक्यात थांबते, पण जागा हरवते, म्हणून नंतर होम घेतल्याशिवाय काम पुढे नेऊ नये.

गँट्रीला दोन्ही बाजूंनी मोटर असेल आणि कंट्रोलरला दुसऱ्या मोटरचा वेगळा होम इनपुट असेल, तर दोन्ही बाजूंना स्वतंत्र सेन्सर बसवा. गँट्री काटकोनात आणायचे काम तेच करतात.

स्पिंडल सुरू केला की लिमिटचा अलार्म, बंद केला की सगळे शांत, ही तक्रार तर घरोघरची. व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणारा डबा, हा गोंगाट करणारा शेजारी आहे. स्पिंडलची केबल शील्डची (तारांभोवती धातूची जाळी असलेली) घ्या आणि तिचा शील्ड व्हीएफडी आणि स्पिंडल अशा दोन्ही टोकांना अर्थ करा. सेन्सरची केबल वेगळ्या शील्डची घ्या आणि तिचा शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, सेन्सरच्या टोकाला कापून टेप लावा. दोन्ही केबली एका चेनमध्ये गळ्यात गळा घालून नेऊ नका. निदान १०० मिलिमीटर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. चेनमध्ये एकच जागा असेल तर मधली भिंत घाला. हे सगळे करूनही कधीमधी खोटा अलार्म आला, तर इनपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पण आधी कपॅसिटर आणि नंतर केबल, असे करू नका. घर गळत असताना खाली बादली ठेवण्यातला तो प्रकार.

सेन्सरांसाठी २४ व्होल्टचा एसएमपीएस वेगळा असावा. एकेक सेन्सर १०-१५ मिलिअँपिअर खातो, म्हणून एक अँपिअरचा पुरेसा होतो. त्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह टांगू नका. तपकिरीच्या फाट्याला १ अँपिअरचा फ्यूज द्या. चेनमधून जाणारी वायर चेनसाठीच बनवलेली, बारीक तारांची हवी. घरगुती फिटिंगची वायर चेनमध्ये वाकून-वाकून आतून तुटते, वरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. अशा वायरीचा अलार्म अक्षाच्या एकाच जागी येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा.

सेटिंगबद्दल थोडे. जीआरबीएलमध्ये क्लोज्ड जोडणीसाठी $५ ची किंमत १ करावी लागते. $२१ हे हार्ड लिमिट (सेन्सर लागताच यंत्र थांबवणे) आणि $२२ हे होमिंग मुळात शून्यावर असतात. सेन्सर लावून ती सुरूच न केलेली यंत्रे कमी नाहीत. होमिंगनंतर मागे हटण्याचे अंतर $२७ मध्ये, मुळात १ मिलिमीटर. मायक्रोस्विचला ते ठीक आहे. प्रॉक्सी मात्र लागतो एका जागी आणि सुटतो थोड्या मागे. हा फरक अंतराच्या वीस टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि बाजूने सरकणाऱ्या पट्टीत आणखी वाढतो. १ मिलिमीटर मागे येऊन सेन्सर सुटत नाही, मग ८ क्रमांकाचा अलार्म येतो आणि दोष परत पाटीवर. $२७ मध्ये ४ किंवा ५ भरा. जोडणी तपासायला मोटर हलवायची गरजच नाही: प्रश्नचिन्ह पाठवा, उत्तरात ‘पीएन’ पुढे ज्या अक्षाचे अक्षर दिसेल त्याचा लिमिट लागलेला आहे. हातात पाना घेऊन एकेक सेन्सर असा तपासा, मग ड्राइव्हची (मोटर चालवणाऱ्या डब्यांची) वीज सुरू करा. स्टँडअलोन कंट्रोलरांतही इनपुटांची स्थिती दाखवणारे पान असते.

लाल मशरूम बटण हा लिमिट स्विचचा भाऊ समजून तेही नुसते कंट्रोलरच्या इनपुटला जोडलेले असते. हे पुरेसे नाही. कंट्रोलर अडकला, तर ज्या डब्याने ऐकायचे तोच बहिरा झालेला असतो. बटणाला दोन क्लोज्ड संपर्क घ्या. एकाने ड्राइव्हांना वीज देणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या रिलेच्या) कॉइलची वीज तोडा, दुसरा कंट्रोलरला कळवण्यापुरता ठेवा. बटण परत वर ओढल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळे सुरू करण्याचे बटण हवे. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. व्हीएफडीची वीज तोडल्यावर स्पिंडल लगेच थांबत नाही, गरगरत राहतो. त्याला आधी ब्रेक लावून थांबवायचा आणि मग वीज तोडायची, असा थोड्या उशिराचा रिले घालता येतो. आणि बॉलस्क्रूवर टांगलेला जड झेड मोटरची वीज गेली की स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. तिथे ब्रेकची मोटर हवी, नाहीतर बटण दाबून वाचवायला गेलेला हातच बिटखाली सापडायचा.

आमची मागणी दोन ठिकाणी आहे. यंत्र विकणाऱ्यांनी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा मराठीत चिकटवावा: कोणता इनपुट कोणत्या सेन्सरचा, जात कोणती, ओपन की क्लोज्ड. आणि आयटीआयच्या कार्यशाळेत चारही जातींचे चार सेन्सर, एक एसएमपीएस आणि एक रिले लावलेला फळा असावा. त्याला फारसा खर्च नाही, आणि मुलांना ही चार अक्षरे पाठ करण्याऐवजी मीटरवर दिसतील.

घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी एवढे करावे. स्पिंडल बंद, अक्ष मिनिटाला ५०० मिलिमीटरने टेबलाच्या मधोमध चालू द्या, आणि बसवायला आलेल्या माणसाला एक्सच्या सेन्सरची काळी वायर टर्मिनलमधून काढायला सांगा. यंत्र थांबले पाहिजे. मग ती लावून तपकिरी काढा, मग निळी. हेच वाय आणि झेडला. तिन्हींपैकी एकाही वायरीला यंत्र चालत राहिले तर सेन्सर ओपन जातीचे आहेत किंवा हार्ड लिमिट सुरूच केलेले नाहीत. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. नंतर स्पिंडल पूर्ण वेगात फिरवून तिन्ही अक्ष दहा मिनिटे रिकामे पळवा. त्यात एकदाही अलार्म आला नाही तर पावतीवर सही करा.

आपले नम्र,
सीएनसी पॅनेल जोडणी करणारे दोन तंत्रज्ञ
भोसरी, पुणे